फौज परत कधी जाणार, तेवढं लिहायचं राहिलं

श्रीमंत राजश्री बाजीराव रघुनाथ पंडित प्रधान, मुक्काम ब्रह्मावर्त, यांचे सेवेसी रत्नागिरीहून एका रयतेचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपल्या अनुभवाला सध्या जगात फार भाव आला आहे. जून 2025 मध्ये हॉलंडातल्या हेग शहरात नाटो या लष्करी युतीतल्या 32 राष्ट्रांची बैठक झाली. यजमानांनी उत्तम बडदास्त ठेवली, पण विषय एकच होता, पैसा. तुमची राखण आम्ही किती दिवस करायची आणि कुणाच्या पैशाने, असं अमेरिकेने बाकीच्यांना तोंडावर विचारलं. 2014 साली वेल्समधल्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के संरक्षणावर खर्चावेत असं ठरलं होतं. ते दोन गाठतानाच अनेकांची दमछाक झाली. आता 2035 पर्यंत पाच टक्के. त्यातले साडेतीन थेट फौजफाट्याला, उरलेला दीड रस्ते, पूल, बंदरं आणि तत्सम बाबींना. स्पेनने कुरकुर केली, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मान डोलावतानाही सगळ्यांच्या पोटात गोळा होता, की पैसे भरूनही अमेरिका आपली फौज उचलून घरी नेणार की काय!

श्रीमंत, हे वाचून आपल्याला ब्रह्मावर्तात गंगाकाठी बसल्या बसल्या ठसका लागला असेल. राखायला आलेली फौज परत जाईल म्हणून रडणारे राजे आपल्या पाहण्यात नाहीत. आपली अडचण नेमकी उलटी होती. म्हणून म्हटलं, या विषयावर कुणाला चार शब्द विचारायचे तर आपल्याइतका अधिकारी पुरुष दुसरा नाही.

शिवाय आपण आमचे पाहुणे. आपलं घराणं मूळ श्रीवर्धनचं, पण वाईट वेळ आली तेव्हा आपण याल तर आमच्याच किनाऱ्याला याल, हे 1802 च्या दिवाळीने ठरवलं. 25 ऑक्टोबरला हडपसरला यशवंतराव होळकरांनी आपल्या आणि शिंद्यांच्या एकत्र फौजेचा पाडाव केला. आदल्या वर्षी आपण यशवंतरावांच्या भावाला, विठोजीला, शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं होतंत. त्याचा हिशेब मागायला तो माणूस येणार हे पुण्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. आपल्याला मात्र तोफांचे आवाज ऐकू आल्यावर ठाऊक झालं, आणि आपण सिंहगडाची वाट धरलीत. तिथून रायगड, महाड आणि मग आमच्या हर्णैचा सुवर्णदुर्ग. लोक आपल्याला एका अप्रिय विशेषणाने ओळखतात. मी ते इथे लिहिणार नाही. एवढ्या घाईतही एक काम आपण न विसरता केलंत, ते लक्षात घेता ते विशेषण अन्यायाचंच आहे. लढाईच्याच दिवशी आपल्या कारभाऱ्यांनी इंग्रज रेसिडेंटाच्या हाती कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं, ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा पलटणी ठेवून घेतो, त्यांच्या खर्चाला पंचवीस लाखांचा मुलूख देतो. पळणाऱ्या माणसाला इतकं सुवाच्य लिहिता येत नाही.

सुवर्णदुर्गाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण तो किल्ला आपल्याआधीच आपल्या घराण्याला बरंच काही सांगत होता.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, तिथून समोर पाण्यात तो दिसतो. 1755 च्या एप्रिलात तो इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला. कुणाच्या सांगण्यावरून? आपले चुलते नानासाहेब पेशवे यांच्या. मराठ्यांच्या आरमाराचा सरदार तुळाजी आंग्रे ऐकत नाही, डोईजड झाला आहे, तेव्हा त्याला वठणीवर आणायला मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. पेशव्यांचं आरमार जेम्सच्या सोबत गेलं खरं, पण लढाई होईतो ते गोळ्याच्या टप्प्याबाहेर थांबलं. म्हणजे युती झाली, खर्च वाटून घेतला, आणि मार खायचं काम पाहुण्यांवर सोपवलं. हे शास्त्र आपल्या घरात जुनंच होतं म्हणायचं.

किल्ला ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले. खाडीत दाटीने नांगरलेलं आंग्रेंचं आरमार पेटलं आणि जवळजवळ सगळंच जळालं. मराठ्यांचं आरमार, मराठ्यांच्या पेशव्याच्या निमंत्रणावरून, इंग्रजांनी जाळलं. त्यानंतर विजयदुर्ग काही इंग्रज सोडेनात. ठरलं काहीही असो, आत शिरलेला पाहुणा हातातल्या किल्ल्या लगेच देत नाही. शेवटी ऑक्टोबर 1756 मध्ये पुण्याला तह झाला, तेव्हा तो सुटला आणि मोबदल्यात बाणकोटचा किल्ला व दहा गावं इंग्रजांकडे कायमची गेली. सावित्रीच्या मुखावरच्या त्या किल्ल्याचं नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया असं ठेवलं. बाणकोट गेला तेव्हा पुण्यात कुणाची झोप उडाली असेल असं वाटत नाही. दहा गावं ती काय! कोकणातली, दगडाची, वर्षाकाठी मूठभर नाचणी पिकवणारी.

त्यानंतर 46 वर्षांनी आपण सुवर्णदुर्गात जीव मुठीत धरून बसलात आणि सुटकेसाठी जहाज शोधू लागलात. विजयदुर्गास धुळपांचं आरमार होतं, नाही असं नाही. पण आपल्या मनात भरली ती मुंबईकर इंग्रजांची जहाजं. चुलत्यांनी एक आरमार जाळून घेतलं, पुतण्याने उरलेल्यावर भरवसा ठेवला नाही. घराण्यात सातत्य असावं तर असं. होळकरांची माणसं मागावर आली तसे आपण किनाऱ्याकिनाऱ्याने रेवदंड्याला गेलात आणि डिसेंबरात इंग्रजी जहाजाने वसईत उतरलात. ज्या वसईवर 1739 साली आपल्या आजोबांचे धाकटे बंधू चिमाजीआप्पा पोर्तुगीजांशी झुंजले, त्याच वसईत 31 डिसेंबर 1802 ला रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोजने कागद पुढे केला आणि आपण सही केलीत.

आता त्या कागदाकडे वळू. मी तो तह पुन्हा एकदा वाचून काढला. खरंच सांगतो, इतका नेटका दस्त आमच्या रत्नागिरीच्या कोर्टातही क्वचित पाहायला मिळतो, आणि इथल्या माणसांना दस्तांचं किती वेड आहे ते आपल्याला घराण्याच्या ओढीने माहीत असेलच.

कमीत कमी सहा हजार पायदळ, सोबत तोफा आणि गोरे गोलंदाज, ही फौज आपल्या मुलखात कायमची राहणार. खर्चाला सव्वीस लाखांचं उत्पन्न देणारा मुलूख, काही गुजरातेतला, काही तापी-नर्मदेकडचा, काही खाली तुंगभद्रेजवळचा. दोन महिन्यांपूर्वी पंचवीस म्हणालात, सहीच्या वेळी सव्वीस झाले. घासाघीस करून भाव वाढवून घेणारं गिऱ्हाईक मी तरी दुसरं पाहिलं नाही. सहा हजार माणसांना सव्वीस लाख म्हणजे दरडोई वर्षाला 433 रुपये पडतात. कंपनीच्या साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला सात-आठ रुपयांच्या घरात होता. मधले पैसे तोफांना, बैलांना, दारूगोळ्याला आणि साहेबांच्या तंबूला लागत असणार. आपण विचारलंत का? छे. पाहुण्याला जेवणाचा खर्च विचारू नये.

पुढची कलमं त्याहून सुरेख. इंग्रजांशी वैर असलेल्या कुठल्याही युरोपियनाला नोकरीत ठेवायचं नाही. सुरतेवरचा हक्क सोडायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी जी जुनी देणी-घेणी आहेत, त्यांचा निवाडा कंपनी करील. दुसऱ्या कुठल्याही दरबाराशी बोलणं करायचं तर आधी कंपनीच्या कानावर घालायचं. आणि ही जी सहा हजारांची फौज, ती किरकोळ कामाला मिळणार नाही, वसुलीला तर नाहीच. किरकोळ कोणतं आणि थोर कोणतं हे ठरवणार कोण, ते मात्र आपण विचारायचं टाळलंत.

फौज परत कधी जाणार, याचं कलम मी शोध शोध शोधलं. नाही. दोन रकान्यांत मोजून घेतलेला मुलूख आहे, तोफांची व्यवस्था आहे, दाणागोट्यावरच्या जकातीचाही विचार आहे. जाण्याची तारीख नाही, जा म्हणण्याचा अधिकार नाही, जा म्हटल्यावर मुलूख परत मिळेल असा एक शब्द नाही.

आमच्याकडे कलमांच्या बागेला राखणदार ठेवतात. हल्ली बहुतेक नेपाळचे असतात, चांगले असतात. त्यांना महिन्याचा पगार, राहायला खोपी, वर आंब्याच्या चार पेट्या. तुम्ही काय केलंत, तर पगार द्यायला रोकड नाही म्हणून निम्म्या कलमांचा सातबाराच राखणदाराच्या नावे करून दिलात. मग त्याला परत पाठवणार कसे? तो कुणाच्या बागेत राहतो आहे?

यात आपला सगळा दोष आहे असं मी म्हणत नाही. ही युक्ती आपली नव्हे. ती कलकत्त्याच्या रिचर्ड वेलस्लीसाहेबांची. त्यांनी 1798 मध्ये निजामाच्या गळ्यात ती बांधली आणि त्याच्या पदरची फ्रेंच सरदारांखालची पलटण मोडून टाकली. सुरुवातीला रोख पैसे घेतले, 1800 साली रोखीऐवजी मुलूख घेतला. 1801 मध्ये अयोध्येच्या नवाबाचं निम्मं राज्य याच रस्त्याने गेलं. ही सगळी बातमी पुण्यात पोचत होती. नाना फडणवीस जिवंत होते तोवर त्यांनी या फौजेला दारात उभं केलं नाही. पण ते मार्च 1800 मध्ये गेले, आणि ते होते तेव्हाही आपल्या राजवटीत काही काळ त्यांनी कैदेत काढला. शहाणपण घरात कोंडून ठेवायची आपली रीत न्यारी.

आणि वडिलांचं तरी उदाहरण होतंच की. राघोबादादांनी मार्च 1775 मध्ये सुरतेला मुंबईकरांशी तह केला, अडीच हजारांची फौज, महिन्याला दीड लाख, हमीदाखल सहा लाखांचे दागिने, शिवाय साष्टी आणि वसई. आपला जन्म त्याच वर्षी जानेवारीतला. म्हणजे पाळण्यात असल्यापासून आपण हा धंदा ऐकत होतात. तरीही सत्तावीस वर्षांनी आपण वडिलांपेक्षा महाग सौदा केलात.

माल मात्र चोख मिळाला, हे कबूल. वेलस्लीसाहेबांचे धाकटे बंधू आर्थर 20 एप्रिल 1803 ला पुण्यात पोचले आणि 13 मे रोजी आपण पुन्हा मसनदीवर. मग सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव. आपल्या रक्षणासाठी आलेली फौज आपल्याच शिंद्या-भोसल्यांवर चालून गेली. आपण पुण्यात बसून गुपचूप शिंद्यांना पत्रंही लिहीत होतात म्हणतात. आता शिंदे, होळकर, भोसले हेही काही सोवळे नव्हते. पुणं लुटण्यात आणि एकमेकांचे पाय ओढण्यात त्यांनी कसर ठेवली नाही, नाहीतर दिवाळीच्या दिवशी हडपसरला मराठ्यांनी मराठ्यांवर तोफा कशाला डागल्या असत्या? पण त्यांचा समाचार कधी वेगळ्या पत्रात. घरातल्या भांडणात बाहेरचा पंच बोलावण्याचा मान तेवढा आपला.

श्रीमंत, आता जरा त्या पाच टक्क्यांकडे येतो, कारण इथे हेगकरांना आपला सल्ला उपयोगी पडेल.

वसईच्या तहात आणखी एक कलम होतं. युद्ध पेटलं तर कंपनीच्या पलटणींसोबत आपणही आपली फौज आणायची, सहा हजार पायदळ आणि दहा हजार घोडा. हाच आपला त्या वेळचा टक्का. तो आपल्याला जड गेला. 1803 च्या अखेरीस दुरुस्ती होऊन तीन हजार पायदळ आणि पाच हजार घोडा असा हलका झाला. त्याच दुरुस्तीत सावनूराकडचा आणि गुजरातेतला काही मुलूख परत घेऊन आपण त्याऐवजी बुंदेलखंडातला मुलूख कंपनीला दिलात, जिथे आपला अंमल नावालाच उरला होता. दुसऱ्याच्या ताब्यातलं दान करण्याची ही एकच चाल मला मनापासून आवडली.

हलका झालेला टक्काही आपण पाळला नाहीत. राखणदार असताना स्वतःची फौज कशाला पोसायची, हा आपला विचार. तो विचार बर्लिनमध्ये, रोममध्ये आणि ब्रसेल्समध्येही अनेक वर्षं चालला. फरक पुढे आहे. तिकडे कमी भरणाऱ्याला टोमणे मिळतात. आपल्याला 13 जून 1817 चा पुण्याचा तह मिळाला. रेसिडेंट एल्फिन्स्टन म्हणाले, ते पाच हजार घोडे आणि तीन हजार पायदळ तुम्हाला ठेवायला जमत नाही ना? राहू दे, आम्ही ठेवतो. त्याच्या खर्चाला चौतीस लाखांचा मुलूख द्या. उत्तर कोकण गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला, मराठी राज्यमंडळाचं प्रमुखपण गेलं. सव्वीसावर चौतीस, असे साठ लाख झाले. एवढं देऊन आपण शत्रूपासून सुरक्षित झालात, कारण शत्रू आता घरातच होता.

त्यातून आपण स्वतःच्या पैशाने एक कवायती ब्रिगेडही उभारली होतीत, हेही सांगितलं पाहिजे. तिचं नाव पेशव्यांची ब्रिगेड, तळ दापोडीला, पगार आपल्या खजिन्यातून, आणि वर अधिकारी इंग्रज, कॅप्टन फोर्ड. रेसिडेंटाच्या सल्ल्याने उभारलेली पलटण कुणाच्या हुकमात राहील, हा प्रश्न आपल्या कारभाऱ्यांना पडलाच नाही. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला त्याचं उत्तर मिळालं. तुमची पलटण दापोडीहून निघाली आणि इंग्रजांना जाऊन मिळाली. त्या दिवशी इंग्रजांकडे सगळी मिळून अठ्ठावीसशे माणसं. आपल्याकडे नुसते घोडेस्वारच अठरा हजार. मोरो दीक्षित जरीपटका घेऊन पुढे झाले, ते फोर्डच्या पलटणीतल्या तोफेच्या माऱ्याने पडले. फोर्ड आणि दीक्षित एकमेकांचे स्नेही होते. म्हणजे मारणारा आपल्या पगारावर आणि मरणाराही आपल्याच पगारावर. आपण तेव्हा पर्वतीवरून लढाई पाहत होतात, असं सांगतात. तिथून देखावा चांगला दिसतो.

इथे मला थट्टा आवरती घ्यावीशी वाटते, कारण आपले सेनापती बापू गोखले आमच्या राजापूर तालुक्यातल्या तळेखाजणचे. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीला जनरल स्मिथची फौज अंगावर आली, तेव्हा आपण पुढे निघून गेलात आणि बापू मागे उभे राहून पडले. छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. आष्टीनंतर आपल्याजवळ सेनापती नव्हता, छत्रपती नव्हते, आणि धावायला मुलूखही फारसा उरला नव्हता. 3 जून 1818 ला आपण इंग्रजांच्या माल्कमसाहेबांच्या हवाली झालात.

मग ब्रह्मावर्तात आठ लाख रुपये सालिना पेन्शन. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जना ती रक्कम जास्त वाटली. वाटणारच, त्यांना काय ठाऊक, की आपण ती 28 जानेवारी 1851 पर्यंत, साडेबत्तीस वर्षं, नियमाने उचलणार आहात! अडीच कोटींच्या वर गेला तो हिशेब. आपल्या कारकिर्दीतली ही एकच मोहीम, जिच्यात आपण मैदान सोडलं नाहीत.

त्या पेन्शनीतून आपण पहिल्या अफगाण युद्धाच्या अडचणीत कंपनीला पाच लाख रुपये कर्जाऊ दिलेत. पुढे शिखांशी लढाई लागली तेव्हा हजार पायदळ आणि हजार घोडा स्वतःच्या खर्चाने देण्याचीही तयारी दाखवलीत. श्रीमंत, मी हे दोनदा वाचलं. राज्य असताना पाच हजार घोडा जमला नाही, राज्य गेल्यावर हजार जमतो! युतीचा टक्का इतक्या निष्ठेने जगात दुसऱ्या कुणी भरलेला नाही. हेगमध्ये आपला पुतळा हवा होता.

इकडे आमच्याकडचं वर्तमान असं. सुवर्णदुर्ग 1817 च्या अखेरीसच इंग्रजांनी घेतला, फार काही झटापट करावी लागली नाही. 1819 मध्ये दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला आणि त्याचं ठाणं कुठे ठेवलं, तर बाणकोटला. तीच चुलत्यांची दहा गावं. 1822 मध्ये ठाणं रत्नागिरीला आणलं. आमचं हे गाव जिल्ह्याचं गाव झालं त्याचं श्रेय अशा रीतीने आपल्याकडे येतं. एकदा जिल्ह्याचं ठाणं झाल्यावर मग सरकारला वाटलं, गादी गेलेले राजे ठेवायला ही जागा बरी. 1886 मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणून ठेवला आणि तो 1916 मध्ये इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अजून उभा आहे. तुम्हाला ब्रह्मावर्त मिळालं, त्याला आमचा समुद्र.

आता आपल्याला न्याय द्यायचा तर नाटोची आणि आपली बरोबरी तंतोतंत जुळत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेने जर्मनीला फौजेच्या खर्चापोटी बव्हेरिया लिहून मागितलेला नाही. प्रत्येकाचा खजिना त्याच्याच हाती आहे, प्रत्येकाची पलटण त्याचीच. आणि मुख्य म्हणजे तिथे जा म्हणता येतं. 1966 मध्ये फ्रान्सच्या द गॉलने अमेरिकेला पत्र धाडलं, आमच्या भूमीवरच्या तुमच्या फौजा हलवा. वर्षभरात तळ उठले, नाटोचं मुख्यालयसुद्धा पॅरिसहून बेल्जियमला गेलं. आणि फ्रान्स तरीही युतीत राहिला. फिलिपिन्सच्या सिनेटने 1991 मध्ये अमेरिकी तळ पुढे ठेवण्याचा करार एका मताच्या फरकाने फेटाळला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेने सुबिक बंदर सोडलं. आपल्या आजच्या भारतालाही हा अनुभव आहे, दुसऱ्या बाजूने. आपली शांतिसेना 1987 मध्ये श्रीलंकेत गेली, बाराशेच्या आसपास जवान तिथे गमावले, तिथल्या नव्या अध्यक्षांनी परत जा म्हटलं, आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली. मालदीवने दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान सांभाळणाऱ्या आपल्या शंभराहून कमी जवानांना परत पाठवा म्हटलं, तर 10 मे 2024 च्या आत त्यांना आणून त्यांच्या जागी बिनवर्दीचे तंत्रज्ञ ठेवले. मान राखला म्हणा किंवा कानकोंडे झालो म्हणा, पण जा म्हटल्यावर गेलो. परत जाणं हा युतीचा भाग असू शकतो, हे सगळ्यांना समजलं. वसईला ते कुणी आपल्या कानात सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, आपलं लक्ष जहाजाकडे असेल.

एका बाबतीत मात्र हेगच्या मंडळींनी आपल्याला गुरू करावं. राखणदार घरी जायला निघाला की ज्याचा थरकाप होतो, त्याने आपली राखण करण्याची सवय आधीच सोडलेली असते. ती सवय एखाद्या वर्षी टक्केवारी वाढवून येत नाही. घोडे विकत मिळतात, विमानंही मिळतात. बापू गोखले विकत मिळत नाहीत, आणि मिळाले तरी आपल्यासारखे धनी त्यांना आष्टीला सोडून पुढे जातात. दोन टक्के की पाच, याचा वाद घालणाऱ्यांना आपण एवढंच सांगा, की पैसे कुणाच्या हाती देता, हुकूम कुणाचा चालतो आणि फौज परत पाठवायची झाली तर कुणाच्या सहीने जाते, हे आधी लिहून घ्या. टक्का मागाहून ठरवला तरी चालतो.

तेव्हा विनंती अशी की, कुणा राजाचा, अध्यक्षाचा किंवा पंतप्रधानाचा वकील अशा एखाद्या करारावर सही करण्यापूर्वी ब्रह्मावर्ताकडे वळलाच, तर त्याला आदरातिथ्य करण्याआधी वसईचा कागद दाखवा. लपवू नका. पेन्शन बंद झाली आहे, आता घाबरायचं कारण नाही.

आपल्या त्या सहीने आलेली फौज केव्हा गेली, हे आपल्याला कळवायचं राहून गेलं होतं. ब्रिटिश लष्कराची शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, 28 फेब्रुवारी 1948 रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून जहाजावर चढली. वसईच्या तहाला तेव्हा 145 वर्षं आणि दोन महिने झाले होते.

आपला,
एक रत्नागिरीकर